बोटीची ओळखपरेड

रामटेक्यांच्या घरात थापेला थाप म्हणायची पद्धत नव्हती. तिथे ‘सुखदेवची बोट’ म्हणत. दूधवाल्याने दूध म्हशीचंच असल्याची शपथ घेतली, सुखदेवची बोट. उद्यापर्यंत लिफ्ट चालू होईल असं सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला, सुखदेवची बोट. निवडणुका आल्या की घरात आरमारच उभं राहायचं. एरवी नवऱ्याला ‘अहो’शिवाय हाक न मारणारी प्रमोदिनी या एका बाबतीत त्यांचं नाव बिनदिक्कत घ्यायची आणि सुखदेवराव समोरच बसून वर्तमानपत्र वाचत असायचे.

मूळ हकिगत एवढीच. त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात, वयाच्या आठव्या वर्षी, सुखदेवराव दिल्लीजवळच्या बडखलच्या तलावात एका बोटीत बसले होते. पांढरी, निळ्या पट्ट्याची, लाकडाची नव्हे तर गुळगुळीत फायबरची. तिच्यात छप्पर असलेली खोली होती, खोलीत दोन पलंग होते, आणि बेसिन होतं. बेसिनचा नळ पायाने दाबायचा होता. इथवर आलं की ऐकणारे हसू लागत. बोट समजू शकतो, पण बोटीत मोरी?

थोरली बहीण मीराताई आणि मधला भाऊ गुणवंत, दोघेही त्या दिवशी बरोबर होते. दोघांचं म्हणणं बावन्न वर्षं एकच होतं. आपण हंसाच्या तोंडाच्या पायडल बोटीत बसलो, घरी आलो, सुखदेवला ताप भरला आणि तापात त्या हंसाला खोली फुटली.

हे सगळं सुखदेवरावांनी एकवेळ चितेपर्यंत सोसलं असतं. पण जुलैमध्ये मुलीच्या, लुंबिनीच्या लग्नाची बोलणी चालू असताना, होणाऱ्या सासऱ्यांच्या देखत, ती होणाऱ्या नवऱ्याला, अतुलला म्हणाली, "तू रोज सकाळी पाचला उठून पळतोस? ही पप्पांची बोट तर नाही ना?" अतुलचे वडील समाधानराव यांनी अर्थ विचारला. सगळ्यांनी हसत हसत तो सांगितला. समाधानराव मात्र हसले नाहीत. चौतीस वर्षं सरकारी चौकशी खात्यात, व्हिजिलन्समध्ये काढलेला माणूस, त्यांनी एका सरकारी सायकलीच्या गैरवापराची फाइल अकरा वर्षांनी पुन्हा उघडून दाखवली होती. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे रामटेके साहेब, तुमच्या विधानाची आजवर चौकशीच झालेली नाही?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी हे विचारलं होतं. सुखदेवरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. याच घरात मुलगी द्यायची, हे त्यांनी त्या क्षणी ठरवलं. आणि लग्नाआधी आपलं नाव त्या म्हणीतून सोडवून घ्यायचं, हेही. उद्या नातवंडं होतील, ती शाळेत जाऊन आजोबांच्या नावाने थापा ओळखतील, हे त्यांना चालणार नव्हतं.

मग चौकशी सुरू झाली. समाधानरावांनी तिघांचे लेखी जबाब घेतले. मीराताईंचा जबाब एका ओळीचा होता, "मला काही आठवत नाही." गुणवंतदादांचा दोन ओळींचा, "पायडल बोट. हंस. फिकट गुलाबी." सुखदेवरावांचा अकरा पानांचा, सोबत ग्राफ पेपरवर काढलेले नकाशे. ते नकाशे त्यांनी इंटरनेटवर जुन्या बोटींच्या शौकिनांच्या एका मंडळात टाकले. तिथल्या गोऱ्या म्हाताऱ्यांनी त्यांची टिंगल केली नाही. नळ पायाने दाबायचा असणारच, केबिनच्या बोटीत तसाच असतो, असं एकाने लिहिलं. तो कागद सुखदेवरावांनी प्रिंट काढून फ्रिजवर चिकटवला. दुसऱ्याने विचारलं, खिडकीचा मागचा कोपरा गोल होता की टोकदार, तेवढं आठवा, मग पुढे बोलू. ते मात्र आठवेना. सुखदेवराव खोटं सांगू शकले असते. त्यांनी लिहिलं, ‘माहीत नाही, तेव्हा मी नळ बघत होतो.’

आणि डिसेंबरात लुंबिनी लग्नासाठी लॉन बघायला गेली. नोएडा एक्सप्रेसवेच्या खाली, यमुनेच्या बाजूला फार्महाउसांची रांग आहे, त्यातलं एक. संध्याकाळी ती मोबाइलवरचे फोटो दाखवू लागली. हे स्टेज, हे पार्किंग, हा चाट काउंटर.

"मागे घे," सुखदेवराव म्हणाले.

"काय झालं पप्पा?"

"चाट काउंटर. मागे घे."

चाट काउंटर म्हणजे जमिनीवर ठेवलेली एक बोट होती. गुलाबी रंगाची, दिव्यांच्या माळा सोडलेली, आणि तिला छप्पर असलेली खोली होती.

म्हणून त्या रविवारी सकाळी साडेदहाला, धुकं विरत असताना, सगळी मंडळी लॉनवर जमली. लुंबिनीने गाडी आणली होती. प्रमोदिनीने थर्मास आणि मेथीचे पराठे दिले होते आणि स्वतः यायला नकार दिला होता. "मी आले तर हसेन," ती म्हणाली होती, "आणि मग तुम्ही जेवणार नाही." मीराताई सत्तरीच्या, गुडघ्यांना पट्टे बांधून आल्या होत्या. गुणवंतदादा, निवृत्त अंडर सेक्रेटरी, मंकी कॅप आणि टाय घालून आले होते.

"जय भीम," समाधानराव म्हणाले. त्यांनी डायरीची रबरी पट्टी काढली. "नियम सांगतो. आधी बाहेरून पाहणी. आपसात बोलायचं नाही. मग आतून. शेवटी निष्कर्ष आणि सह्या."

"एवढ्यासाठी सह्या?" दादा म्हणाले.

"सहीशिवाय काय असतं हो साहेब? गप्पा."

लॉनचे मालक चौधरी शाल गुंडाळून आले. एवढी माणसं चाट काउंटरसमोर हाताची घडी घालून उभी पाहून त्यांना वाटलं, सौदा मोडतोय.

"कोई शिकायत है, बाऊजी? असली विलायती माल है. पिताजी नीलामी से लाए थे."

"कौन सी नीलामी?" समाधानरावांनी विचारलं. "कौन सा साल?"

"वो तो पिताजी ही जानते थे."

"बुलाइए उनको."

"बारह साल हो गए उनको गुजरे."

समाधानरावांनी डायरीत लिहिलं, ‘महत्त्वाचा साक्षीदार उपलब्ध नाही.’

मग बाहेरची पाहणी झाली. सुखदेवराव बोटीभोवती तीन फेऱ्या मारून आले. खिडकीचा मागचा कोपरा गोल होता. ते त्यांनी मोबाइलमध्ये टिपून घेतलं, त्या म्हाताऱ्याला कळवण्यासाठी. समाधानरावांनी गाडीच्या किल्लीने रंगाचा एक टवका काढला. गुलाबीच्या खाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली हिरवा. चौधरी घराण्यातली लग्नं जसजशी झाली तसतसे रंग बदलले होते. हिरव्याखाली निळा पट्टा, आणि त्याच्या शेजारी पांढरं.

"पप्पा," लुंबिनी हळूच म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "पप्पा, निळा."

"रंग पुरावा होत नाही," समाधानराव म्हणाले. "निळ्या पट्ट्याच्या बोटी जगात हजार. तुमच्या जबाबात खास म्हणावी अशी वस्तू एकच आहे. पायाचा नळ. पान सात. तो सापडला तर विधान सिद्ध. मी स्वतः घरोघर फोन करून सांगेन."

केबिनचं दार कमरेएवढं. समाधानरावांनी एक पाय आत घातला, मग पोट घालून पाहिलं आणि निमूटपणे बाहेर आले. "तिघं जा. मी इथे उभा आहे. लुंबिनी बेटा, तू माझ्याजवळ थांब. तू हितसंबंधी आहेस."

आत तीन माणसं वाकून उभी राहिली. दोन पलंग बोटीच्या नाकाकडे निमुळते होत गेले होते, अगदी नकाशातल्यासारखे, त्यांच्यावर पापडीचे खोके रचले होते. खाली बटाट्यांची पोती. आणि कोपऱ्यात, चिंचेच्या चटणीने तपकिरी झालेलं, हातभर रुंदीचं बेसिन.

सुखदेवरावांनी त्याच्या कडेवर बोट फिरवलं.

"बेसिन आहे," ते म्हणाले.

"चौधरीने बसवलं असेल," दादा म्हणाले. "चाटवाल्याला हात धुवायला."

"हो ना," मीराताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

सुखदेवराव गुडघ्यावर बसले. नकाशात नळ उजव्या बाजूला होता. त्यांनी उजवीकडचं पोतं ओढलं. खाली सपाट जमीन. दुसरं ओढलं. सपाट. त्यांनी तळव्याने चाचपून पाहिलं, एक भोक नाही, एक खिळा नाही. बाहेर समाधानरावांनी घसा साफ केल्याचा आवाज आला. सुखदेवरावांनी तिसरं पोतं पोटाशी धरून उचललं, दोन बटाटे घरंगळत दादांच्या बुटांवर गेले. बावन्न वर्षं छातीशी धरलेली गोष्ट, आणि खाली जमीन सपाट. एकदा त्यांच्या मनात आलं, की खरंच ताप असेल.

"अरे, तिकडे काय बटाटे उपसतोयस," दादा वैतागून म्हणाले. "डाव्या पायाला होता तो."

मीराताईंची नजर खिडकीतून झटकन आत आली.

"गुणवंत," मीराताई म्हणाल्या. पाहुण्यांसमोर घरातलं काही बाहेर पडलं की आई ज्या आवाजात म्हणायची, त्याच आवाजात.

सुखदेवराव पोतं तसंच पोटाशी धरून वळले. "काय म्हणालास दादा?"

"काही नाही."

"डाव्या पायाला."

"साधारणपणे. असे नळ साधारणपणे डाव्या पायाला असतात."

"हंसाला?"

दादांनी टायची गाठ सारखी केली. सुखदेवरावांनी पोतं खाली ठेवलं आणि डावीकडचं ओढलं. जमिनीत रुपयाएवढं भोक होतं, भोवती चार स्क्रूंच्या खुणा. नळ कधीच कोणीतरी काढून नेला होता. पण जागा होती.

"आता सांगून टाक," मीराताई म्हणाल्या आणि एका खोक्यावर बसल्या. आत पापड्या करकरल्या. "नाहीतर मी सांगते. माझी सत्तरी झाली. वर जाऊन आईला काय तोंड दाखवू?"

"आईनेच सांगितलं होतं सांगू नका म्हणून."

"तेच म्हणतेय मी. काय तोंड दाखवू?"

दादांनी मंकी कॅप काढली. तिच्याशिवाय ते एकदम पंधरा वर्षांचे दिसले, केस सोडले तर.

"बोट सरकारी होती," ते कुजबुजले. "कोणीतरी परदेशी पाहुणे यायचे होते, त्यांच्यासाठी आणलेली. चालवणारा आपल्या भंडाऱ्याकडचा निघाला. आपल्या बाबूजींना म्हणाला, उद्या साहेब लोक बसतील, आज ट्रायल आहे, लेकरांना घेऊन या. बाबूजी घेऊन गेले. बस."

"मग यात काय बिघडलं?"

"सोमवारी मेमो निघाला. सरकारी बोटीत अनधिकृत व्यक्ती बसल्याचं कळतं, संबंधितांनी खुलासा करावा. बाबूजींचं सेक्शन ऑफिसरचं प्रमोशन तोंडावर. आपला माणूस त्या खुर्चीत बसू नये म्हणून किती जण टपले होते, तुला माहीत नाही. तू आठ वर्षांचा होतास. बाबूजींनी लेखी उत्तर दिलं. ‘निम्नस्वाक्षरीकाराने अशी कोणतीही बोट पाहिलेली नाही.’"

"लेखी?"

"लेखी. बाबूजींनी पाहिलेली नाही म्हटल्यावर आपण कशी पाहणार? मला आणि ताईला आईने समजावलं. पण तू सगळ्या आर. के. पुरम कॉलनीला सांगत सुटला होतास. मोरीसकट."

सुखदेवराव पलंगाच्या कडेला टेकले. "म्हणून मला ताप आला म्हणालात."

"ताप नव्हता रे," मीराताई म्हणाल्या. "थर्मामीटर मी चहात बुडवला. पहिल्यांदा एकशे आठ दाखवायला लागला. आई म्हणाली, एवढा नको, दवाखान्यात न्यावं लागेल. मग झटकून जरा खाली आणला."

"मी तीन दिवस गोधडीत होतो."

"घामाघूम झाला होतास. आम्हाला वाईट वाटायचं."

"मला काडेचिराईत पाजलं."

"ते कारल्याचं पाणी होतं," दादा म्हणाले. "काडेचिराईत घरात नव्हतं."

सुखदेवरावांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. यांच्या लग्नांत ते नाचले होते. यांच्या ऑपरेशनांच्या वेळी बाहेर बाकावर झोपले होते.

"बरं, प्रमोशन झालं. मग तरी सांगायचं."

"बाबूजी नोकरीत होते तोवर कसं सांगणार? रिटायर झाल्यावर सांगू म्हटलं. मग पेन्शन सुरू झाली, म्हटलं पेन्शन अडली तर? बाबूजी गेले तर आईची फॅमिली पेन्शन. आई गेल्यावर अगदी ठरवलं होतं." मीराताईंनी पदराने नाक पुसलं. "पण तोवर इतकी सवय झाली होती रे. मला तर मधूनमधून तो हंस खरंच दिसायचा."

"आज तरी," सुखदेवराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "आज बाहेर जाऊन सांगा. भोक दाखवा. मला दुसरं काही नको. माझी बायको दूध तापवताना माझं नाव घेते. माझी पोर सासरी ती म्हण घेऊन चाललीय."

दादांनी दाराकडे पाहिलं. बाहेर चौधरींचा माणूस खुर्च्या ओढत होता.

"बाहेर व्हिजिलन्स उभी आहे," ते म्हणाले. "तूच आणलीस. ते विचारणार, मग इतकी वर्षं का लपवलंत. आणि खरं सांगितलं की ते लिहून घेणार. तारखेसकट. सुखदेव, आपल्या आजोबांनी जन्मभर अंगठा दिला. आपल्या घराण्यातली पहिली सही बाबूजींची. मी अंडर सेक्रेटरी झालो तेव्हा पहिल्या फाइलवर सही करताना हात थरथरला, कशासाठी माहीत आहे? बाबूजींची ती सही खोट्या कागदावर आहे, हे मला माहीत होतं म्हणून. अजून कोणाला कळू नये, एवढंच मला वाटत आलं. तुझ्याशी आम्ही वाईट वागलो. ते आहेच. आता तू ठरव. मी आडवा येणार नाही. तू सांगितलंस तर मीही हो म्हणेन."

"मीही," मीराताई म्हणाल्या.

बोटीच्या अंगावर बाहेरून टकटक झाली. "रामटेके साहेब, झालं का? नळ काय म्हणतो?"

सुखदेवराव भोकाकडे बघत राहिले. त्यात बोट घालून पाहिलं. अगदी आठ वर्षांच्या पायाचा अंगठा मावेल एवढं होतं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, आपण खरे ठरलो की मोठ्याने ओरडावंसं वाटेल. तसं काही वाटेना. बाबूजी मात्र दिसत होते, बोटीच्या टोकाशी, ऑफिसच्या कोटात, वाऱ्यावर कोट उडतोय, आणि पोरांकडे बघून हसतायत, अनधिकृतपणे.

त्यांनी बटाट्याचं पोतं ओढलं आणि भोकावर नीट बसवलं. वर घरंगळलेले दोन बटाटेही परत टाकले.

बाहेर उन्हात डोळे दिपले. लुंबिनी पुढे आली. "पप्पा?"

"नळ नाही," सुखदेवराव म्हणाले.

"नीट बघितलं? मी टॉर्च लावू का?"

"पोती हलवून बघितली. बेसिन चाटवाल्यांनी बसवलेलं दिसतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तापच असणार, बेटा."

लुंबिनीचं तोंड एवढंसं झालं. "अरे यार, पप्पा," ती म्हणाली आणि तिने त्यांच्या दंडाला मिठी मारली. "मला वाटलेलं या वेळी खरं निघेल. मी मम्मीला सॉरी म्हणायला लावणार होते." सुखदेवरावांना हे केबिनमधल्या सगळ्यापेक्षा जड गेलं. त्यांनी तिच्या डोक्यावर थोपटलं आणि लांब पार्किंगकडे बघितलं.

समाधानरावांनी लिहिलं, वाचून दाखवलं. ‘स्थळपाहणी केली. पायाने चालणारा नळ आढळला नाही. विधान सिद्ध होत नाही.’ "सही करा."

सुखदेवरावांनी पेन घेतलं. साठ वर्षांत त्यांनी एकाही खोट्या कागदावर सही केली नव्हती, ऑफिसात यावरून त्यांची चेष्टा व्हायची. त्यांनी सही केली. पूर्ण, लांब, खाली दोन आडव्या रेघा ओढून, बाबूजी ओढायचे तशा. मग ताईंनी केली. दादांचा हात अजिबात थरथरला नाही.

"वाईट वाटून घेऊ नका," समाधानराव डायरीला पट्टी लावत म्हणाले. "लहानपणी होतं असं. तुम्ही प्रामाणिक आहात हे मात्र माझ्या लक्षात आलं."

गाडीकडे निघताना दादांनी पुढचं दार उघडलं, सुखदेवरावांना बसवलं, आणि स्वतः मागे, मधल्या उंचवट्यावर, गुडघे हनुवटीला लावून बसले. ताईंनी थर्मासमधला पहिला चहा पुढे दिला. लुंबिनीने गाडी सुरू केली तेवढ्यात चौधरी धावत आले आणि काचेत वाकले.

"एक बात रह गई, बाऊजी. शादी वाले दिन ये बोट यहीं रहने दें या हटवा दें? कई पार्टियाँ हटवा देती हैं, बोलती हैं पुरानी है."

"रहने दो," सुखदेवराव, दादा आणि ताई एका सुरात म्हणाले.

समाधानराव शेजारी आपल्या गाडीत बसत होते. ते थांबले. गेल्या पाच महिन्यांत त्यांनी या तीन भावंडांना पत्रिकेच्या रंगावर, तारखेवर, पुरी की पोळी यावर, बसच्या वेळेवर, इतकंच काय, आज रविवार आहे की नाही यावरही एकमत होताना पाहिलं नव्हतं. त्यांनी एकदा बोटीकडे पाहिलं, एकदा मागच्या सीटवरच्या अंडर सेक्रेटरीकडे पाहिलं, आणि खिशातली डायरी काढून तिची पट्टी सोडवली.